भाड्याच्या घरातली पहिली थंडी: हॉल गरम, बेडरूम गार आणि बिल दुप्पट

इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या मराठी घरांतून ऑक्टोबर संपता संपता एकच तक्रार ऐकू येते, हॉलमध्ये बनियनवर बसता येतं आणि बेडरूममध्ये गेलं की तोंडातून वाफ निघते, आणि एवढं करून बिल बघितलं की छातीत धस्स होतं. आम्ही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुण्याहून रेडिंगला आलो तेव्हा आमचंही अगदी हेच झालं. लाल विटांचं जुनं टेरेस घर (म्हणजे ओळीत एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी एक), लेक दीड वर्षाची, आणि तिच्याच खोलीत रात्री १४ डिग्री. एजंटला विचारलं तर म्हणाला जुनी घरं अशीच असतात. आम्ही ते खरं मानलं, दोन फॅन हीटर आणले, आणि डिसेंबरचं बिल नोव्हेंबरच्या जवळजवळ दुप्पट आलं. नंतर कळलं की तिच्या खोलीतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीला लावलेल्या गरम पाण्याच्या पॅनेलमध्ये, नुसती हवा भरली होती, आणि ती काढायला दोन-तीन पाउंडाची एक चावी लागते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कुणाचं लेकरू उगाच थंडीत झोपायला नको.

खाली लिहिलंय ते मुख्यतः इंग्लंडचं आहे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये भाड्याचे कायदे थोडे वेगळे आहेत, पण रेडिएटर सगळीकडे सारखेच.

किल्ली हातात आली की आधी मीटर

सामान आत घ्यायच्या आधी गॅस आणि विजेच्या मीटरचा फोटो काढा, आकडे आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. मीटर कधी जिन्याखालच्या कपाटात असतो, कधी बाहेर भिंतीतल्या पांढऱ्या डब्यात, फ्लॅट असेल तर तळमजल्यावर सगळ्यांचे एकत्र असतात, आणि तिथे आपला नक्की कुठला हे एजंटकडून लेखी घ्या कारण शेजाऱ्याच्या मीटरचं बिल भरत बसलेली माणसं मी बघितली आहेत. मग आधीच्या भाडेकरूची सप्लायर कंपनी कुठली ते विचारून तिला कळवा की आम्ही अमुक तारखेला आलो, रीडिंग हे. हे केलं नाही तर ‘द ऑक्युपायर’ (इथे राहणारा) अशा नावाने पत्रं येत राहतात, लोक ती आपली नाहीत म्हणून टाकून देतात, आणि बिल तर साठतच असतं.

बिल तुम्ही थेट कंपनीला भरत असाल तर कंपनी बदलायचा हक्क तुमचा, घरमालकाचा नाही. भाड्यातच बिल धरलं असेल तर करारात फेअर युसेजची, म्हणजे भाड्यात किती वापर धरलाय त्याची, मर्यादा लिहिली आहे का ते सही करायच्या आधी शोधा. आणि घरमालक स्वतः वीज-गॅस घेऊन तुम्हाला युनिटप्रमाणे विकत असेल तर त्याला जो दर पडतो त्याच्यावर नफा लावता येत नाही, तसा नियमच आहे.

बॉयलर म्हणजे काय आणि तो करतो काय

आपल्याकडे पाण्यासाठी गिझर आणि फार थंडी पडली तर शेगडी किंवा हीटर, एवढाच अनुभव असतो. इथे बहुतेक घरांत एक गॅसचा बॉयलर असतो, तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपातून एकेका खोलीतल्या रेडिएटरमधून फिरून परत बॉयलरकडे येतं. नळाला येणारं गरम पाणी वेगळं आणि हे फिरणारं पाणी वेगळं. कपाटात गरम पाण्याची मोठी टाकी नसेल आणि नळ सोडला की बॉयलर आवाज करून सुरू होत असेल तर तो कॉम्बी, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बॉयलरवर किंवा त्याच्या खाली एक छोटा काटा असतो, प्रेशरचा. सगळं थंड असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये पाहिजे. खूप खाली गेला की बॉयलर बंद पडतो आणि रविवारी रात्री घर गार. तेव्हा खाली एक जाळीदार छोटा पाइप आणि त्याला एक-दोन कॉक दिसतील, त्याला फिलिंग लूप म्हणतात, ते हळूच उघडून काटा १.२-१.३ वर आला की घट्ट बंद करायचे. मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो, बॉयलरचं नाव टाकून मॅन्युअल बघून घ्या. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय, ते घरमालकाचं काम. बॉयलरचं झाकण मात्र कधीही स्वतः उघडायचं नाही, ते गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या इंजिनिअरचंच काम आहे.

आता हात लावून बघा

हीटिंग चालू करा, अर्धा तास जाऊ द्या, मग घरभर फिरा आणि प्रत्येक रेडिएटरला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हात लावा. चटका बसू शकतो म्हणून आधी जवळ नेऊन अंदाज घ्या. एका कागदावर लिहीत जा. एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार. हार्डवेअरच्या दुकानात रेडिएटर की मागा. हीटिंग बंद करा, रेडिएटर थंड होऊ द्या, वरच्या कोपऱ्यात एका बाजूला चौकोनी टोकाचा छोटा स्क्रू दिसेल, त्याखाली जुना पंचा आणि वाटी धरा आणि चावी घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा, त्यापेक्षा जास्त नाही. फुस्स असा आवाज येईल, ती हवा. आवाज थांबून पाणी ठिबकायला लागलं की लगेच बंद. पाणी काळपट निघालं तर घाबरू नका पण ते कपड्यावर आणि मालकाच्या कार्पेटवर पडू देऊ नका, डाग जात नाही. खालच्या मजल्यापासून सुरू करून वर जा, आणि सगळं झालं की बॉयलरचा काटा परत बघा कारण हवा गेली की प्रेशर उतरतं. आमच्या लेकीच्या खोलीतला रेडिएटर हे केल्यावर वीस मिनिटांत वरपासून खालपर्यंत गरम झाला.

खालून गार, वरून गरम, विशेषतः खाली मधोमध गार, तर आत वर्षानुवर्षांचा गंजाचा गाळ बसलाय. हे आपल्याच्याने होत नाही, फ्लशिंग करावं लागतं, म्हणजे आतून धुऊन गाळ काढावा लागतो, आणि त्याचा खर्च घरमालकाचा. फोटो काढून काही कळत नाही म्हणून लेखी वर्णन करा, ‘खालचा अर्धा भाग अर्ध्या तासानंतरही थंड’ असं.

पूर्ण गार असेल आणि बाकीचे गरम, तर रेडिएटरच्या एका टोकाला आकडे असलेला जो गोल नॉब असतो, त्याला टीआरव्ही म्हणतात, तो आधी पूर्ण उघडा. उन्हाळाभर बंद राहिला की आतली पिन अडकून बसते आणि नॉब पाचवर ठेवला तरी पाणी जात नाही. नॉबखालची रिंग सोडवून डोकं काढलं की ती पिन दिसते, बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने हळू दाबली तर थोडी आत जाऊन परत वर आली पाहिजे. पकडीने ओढायची नाही, पिन बाहेर आली तर पाणी उडेल. हाताला असल्या कामाची सवय नसेल तर सरळ एजंटला कळवा.

आणि चौथा प्रकार, जो सगळ्यात जास्त सापडतो आणि ज्याच्याबद्दल कुणीच सांगत नाही, तो म्हणजे बॉयलरजवळचे रेडिएटर कडक आणि लांबचे कोमट. पाणी जवळच्या वाटेने जातं, आपल्या सोसायटीत जसं टाकीजवळच्या फ्लॅटला धो धो आणि टोकाच्याला धार, तसंच. याला बॅलन्सिंग लागतं. टीआरव्हीच्या विरुद्ध टोकाला प्लास्टिकची टोपी असलेला दुसरा वॉल्व्ह असतो, लॉकशील्ड, टोपी काढून तो छोट्या पान्याने फिरवता येतो. जवळचे, जे आधी तापतात, ते थोडे थोडे बंद करत जायचे, म्हणजे पाणी पुढे सरकतं, आणि लांबचे पूर्ण उघडे ठेवायचे. सुरुवातीला कुठला किती वळसे उघडा होता ते लिहून ठेवा म्हणजे बिघडलं तर परत तिथे आणता येईल. एका वेळी पाव-अर्धा वळसा, मग वीस-तीस मिनिटं थांबायचं, मग परत हात लावून बघायचं. एक अख्खा शनिवार जातो पण पुढचे सगळे हिवाळे त्यावर निघतात, मला विचाराल तर सगळ्या लेखातलं हेच काम सगळ्यात किफायतशीर.

रेडिएटरसमोर सोफा, बेड किंवा लांब पडदा असेल तर तो सरकवा. गरम हवा खोलीत यायच्या ऐवजी सोफ्याच्या पाठीतच राहते.

थर्मोस्टॅटशी भांडू नका

भिंतीवरचा थर्मोस्टॅट जिथे लावलाय तिथलंच तापमान त्याला कळतं. तो हॉलमध्ये असेल आणि हॉल २१ ला पोचला की तो बॉयलर बंद करतो, मग वरच्या खोलीत १४ का असेना. म्हणून थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथला टीआरव्ही पूर्ण उघडाच ठेवायचा, आणि ती खोली इतरांच्या आधी तापत असेल तर तिथला लॉकशील्ड थोडा बंद करायचा, म्हणजे ती हळू तापेल आणि तोवर बाकीच्या खोल्यांना वेळ मिळेल. बाकी खोल्यांतले टीआरव्ही साधारण ३ वर ठेवून सुरुवात करा, वापर नसलेल्या खोलीत १-२, पण पूर्ण बंद नको, बंद खोलीतच बुरशी आधी धरते.

थर्मोस्टॅट ३० वर ठेवला म्हणून घर लवकर तापत नाही, तेवढ्याच वेगाने तापतं आणि मग थांबत नाही एवढंच. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ डिग्री ठेवायला सांगते, घरात तान्हं बाळ, आजी-आजोबा किंवा दम्याचं कुणी असेल तर बिलाच्या भीतीने त्याच्या खाली जाऊ नका, ही काटकसर अंगाशी येते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर ते लाजेने हीटिंग लावायला सांगत नाहीत, शाल घेऊन बसतात. त्यांच्या खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवा, म्हणजे विचारायला लागत नाही.

दिवसभर हळू चालू ठेवलेलं स्वस्त पडतं असं बरेच जण सांगतात. गॅस बॉयलरवाल्या साध्या घरात तसं होत नाही, जितका वेळ घर बाहेरच्यापेक्षा गरम तितका वेळ उष्णता बाहेर जाणारच. उठायच्या अर्धा तास आधी चालू आणि झोपायच्या अर्धा तास आधी बंद, असा टायमर लावा.

आता कॉम्बी बॉयलर लक्षात ठेवायला सांगितला होता ते. बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, इथे त्याला फ्लो टेंपरेचर म्हणतात, बऱ्याच घरांत ७५-८० वर ठेवलेलं असतं. ते ६० च्या आसपास आणा. बॉयलरवर रेडिएटरचं चित्र असलेला नॉब किंवा बटण असतं, नळाचं चित्र असलेला वेगळा. आताचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिच्यातली उष्णता परत घेतात, पण त्यासाठी परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असावं लागतं, ८० वर पाठवलं तर ते होतच नाही आणि तेवढी उष्णता बाहेरच्या पाइपातून उडून जाते. रेडिएटर हाताला कमी गरम लागतील, खोली तापायला जास्त वेळ लागेल, पण तापेल. कडाक्याच्या थंडीत नाहीच पोचलं तर ५ डिग्रीने वाढवा. हे फक्त कॉम्बीसाठी, टाकी असेल तर टाकीतलं पाणी जंतूंसाठी ६० वर ठेवावं लागतं, तिथे हे तापमान एवढं उतरवू नका.

गॅसच नसेल तर

बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये भिंतीला जाडजूड स्टोरेज हीटर असतात. आत विटा असतात, त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर उष्णता सोडतात. दोन नॉब, इनपुट म्हणजे आज रात्री किती भरायचं, आउटपुट म्हणजे किती वेगाने सोडायचं. झोपताना आणि बाहेर जाताना आउटपुट अगदी कमी करा, नाहीतर पहाटेच सगळी उष्णता संपते आणि संध्याकाळी घर गार, मग लोक लगेच ऊब देणारं बूस्टचं बटण दाबतात आणि ती वीज दिवसाच्या महाग दराने लागते. याच्यासाठी इकॉनॉमी सेव्हन सारखा रात्रीचे सात तास स्वस्त असलेला टॅरिफ लागतो, तो तुमच्या मीटरला खरंच लावलेला आहे ना ते कंपनीला फोन करून विचारा.

बिलात काय बघायचं

दोन गोष्टी असतात, वापरलेल्या युनिटचा दर आणि वापर असो नसो, रोजचा ठरलेला स्टँडिंग चार्ज. वर ५ टक्के व्हॅट. ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था दर तीन महिन्यांनी कमाल दर ठरवते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, तो दरावरचा कॅप आहे, तुमच्या एकूण बिलावरचा नाही, हा गैरसमज फार आहे. २०२५ च्या शेवटच्या तीन महिन्यांत वीज युनिटला साधारण २६ पेन्स आणि गॅस सव्वासहा पेन्स होता, म्हणजे वीज गॅसच्या चौपट. ही चौपट डोक्यात पक्की बसवा. २ किलोवॅटचा फॅन हीटर रोज चार तास म्हणजे ८ युनिट, दोन पाउंडांच्या वर, महिन्याला साठ-बासष्ट पाउंड, एका खोलीसाठी. तेवढीच उष्णता बॉयलरने दिली तर रोजचे साठ पेन्सही होत नाहीत. आमचं डिसेंबरचं बिल कशाने वाढलं ते तेव्हा कळलं. गरम पाण्याच्या टाकीत बसवलेल्या इमर्शन हीटरचा स्विच विसरून चालू राहिला तर तो ३ किलोवॅटचा असतो, तेही बघा. आणि अंगाला ऊब हवी असेल तर इलेक्ट्रिक ब्लँकेट १०० वॅटच्या आसपास, किंवा आपली गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी.

गॅसचा मीटर घनमीटरमध्ये आणि बिल किलोवॅट-अवरमध्ये, एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. बिलावर ‘एस्टिमेटेड’ लिहिलं असेल तर तो कंपनीचा अंदाज आहे, खरं रीडिंग पाठवा आणि बिल नव्याने करायला लावा. डायरेक्ट डेबिटमध्ये वर्षाचा अंदाज बाराने भागून दर महिन्याला सारखे पैसे जातात, उन्हाळ्यात जमा होतात आणि हिवाळ्यात वापरले जातात, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये खाते सुरू केलेल्याला सुरुवातीलाच उणे दिसतं. कंपनीच्या चुकीने मागचं बिल राहिलं असेल तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे त्यांना मागता येत नाहीत. तक्रारीवर ८ आठवड्यांत काही झालं नाही तर एनर्जी ऑम्बड्समनकडे (अशा तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जा, फुकट असतं.

फटी आणि ओल

दारं-खिडक्यांच्या कडेने ओला हात फिरवा, जिथे गार लागेल तिथे फट. फोमची चिकटपट्टी, दाराखाली लांब उशी, एकेरी काचेला हेअर ड्रायरने ताणून बसवायची पारदर्शक फिल्म, हे सगळं काढता येतं म्हणून करार मोडत नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या रेडिएटरमागे चमकदार फॉइल. खिडकीच्या वरच्या बारीक झडपा आणि भिंतीतल्या जाळ्या मात्र बुजवू नका, त्या हवेसाठी आहेत, आणि घरात गॅस जळत असेल तर जिवासाठी.

ओलीचं मूळ बहुतेक वेळा आपल्या वाफेत असतं. कपड्यांची एक लोड घरात वाळवली की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, कोकणातल्या पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधतो तशीच अवस्था, फक्त इथे ते पाणी गार भिंतीवर जाऊन बसतं आणि बेडमागे काळी बुरशी धरते. कुकर, भाताचा आधण, आंघोळ, प्रत्येक वेळी एक्झॉस्ट लावा, दार बंद ठेवा, भांड्यावर झाकण. कपडे एकाच खोलीत, दार बंद करून, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून वाळवा, तो २०० वॅटच्या आसपास खातो. सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, थंडी आत येईल पण भिंती तापलेल्या असतात, खोली लवकर सावरते. कपाट-बेड बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब.

पण वरच्या छताला डाग, जमिनीलगतची ओल, पावसानंतर वाढणारा पट्टा, ही तुमच्या स्वयंपाकाची चूक नाही, ती घराची आहे. ‘तुम्ही फार शिजवता’ असं एजंट म्हणाला तर ऐकून घेऊ नका. रॉचडेलमध्ये २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीच्या घरात राहून दगावला, त्याच्या घरच्यांनाही राहणीमानावरूनच बोललं गेलं होतं. त्याच्या नावाचा, ओल-बुरशीची तक्रार वेळेत सोडवायला लावणारा कायदा सोशल हाउसिंगला (कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरांना) २०२५ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला.

घरमालकाला लिहायचं कसं

आपण नवीन, व्हिसावर, पुढच्या घरासाठी रेफरन्स लागणार, म्हणून गप्प बसतो. गप्प बसू नका. लँडलॉर्ड अँड टेनन्ट ॲक्ट १९८५ च्या सेक्शन ११ प्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं घरमालकाचं काम आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. गॅसची तपासणी दर वर्षी झालीच पाहिजे आणि त्याचं सर्टिफिकेट तुम्हाला मिळालं पाहिजे. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजे. ईपीसी म्हणजे घराची ऊर्जा-श्रेणी ए ते जी, भाड्याने द्यायला सवलत नोंदवलेली नसेल तर निदान ई लागते, सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून कुणालाही बघता येते.

फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल करा. तारीख, कुठली खोली, किती वाजता किती तापमान, काय करून बघितलं, थर्मामीटरचा फोटो. भाषा साधी ठेवा. आम्ही दुसऱ्या एका रेडिएटरच्या गाळासाठी सात दिवसांचं तापमान तक्त्यात लिहून पाठवलं, तेव्हा दहा दिवसांत माणूस आला, त्याआधी दोन महिने फोनवर नुसतं बघतो-बघतो चाललं होतं. उत्तर आलं नाही तर कौन्सिलच्या (इथली महापालिका) एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळवा, अति थंडी हा त्यांच्या यादीतला धोका आहे, ते येऊन तपासू शकतात. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी आर्थिक मदत मिळणार नाही अशी अट, असली तरी ही तक्रार करता येते, कारण तक्रार म्हणजे बेनिफिट (सरकारी मदत) नाही. शिवाय १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये सेक्शन २१ ची, म्हणजे कारण न देता घर खाली करायची नोटीस बंद. भाडं मात्र थांबवू नका, त्याने केस उलटी तुमच्यावर येते.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच करत बसायचं नाही, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

वॉर्म होम डिस्काउंटचे, म्हणजे हिवाळ्याच्या बिलावरच्या सरकारी सवलतीचे, १५० पाउंड बेनिफिटशी जोडलेले आहेत, वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर त्याच्या मागे लागू नका. पण घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर सप्लायरच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये (जास्त काळजी लागणाऱ्या घरांची यादी) नाव घाला, वीज जाणार असेल तर आधी कळवतात. बिल झेपत नसेल तर थकायच्या आधी फोन करून हप्ते मागा, तुम्हाला परवडेल असा हप्ता देणं त्यांना बंधनकारक आहे.

आणि घर सोडताना परत मीटरचा फोटो, शेवटचं बिल, खात्यात जमा उरली असेल तर ती मागून घ्या. पुढचं घर बघायला जाल तेव्हा शक्यतो संध्याकाळी जा, बाहेरच्या भिंतीला हात लावा, कपाटाच्या मागे नाक घाला, बॉयलर किती वर्षांचा ते विचारा, आणि त्यांना सांगून हीटिंग लावायला लावा, घर बघून होईपर्यंत रेडिएटर तापायला लागलेले असतात, तेवढ्यात प्रत्येकाला हात लावून घ्या.